शंभराला सदतीस

६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून न ऐकल्यासारखं करतोस, म्हणून हे पत्र. कटिंग मशीनने तुझे कान खाल्ले. आता त्या मशीनचे पैसे तरी नीट कामाला लाव.

बाइंडिंगचं दुकान बंद करून, मशीनं विकून आलेली रक्कम तू आठ महिने साध्या बचत खात्यात टाकून बसला आहेस. तिथे ती नुसती झोपा काढते आहे. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेल्या बाईचा सख्खा भाऊ असं करतो, हे चारचौघांत सांगायचीही सोय नाही. पाच वर्षांच्या मुदत ठेवीत टाक. मी हिशेब केलाय. आत्तापेक्षा वर्षाला बारा हजार जास्त व्याज येईल. दुकानाचा गाळा दिलास त्याच्या भाड्यावर तू शंभराला वीस कर भरतोसच, याही व्याजावर तेवढाच. म्हणजे चोवीसशे सरकारला आणि शहाण्णवशे तुझ्या हातात. महिन्याला आठशे. म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनवर तुला करच नाही, त्यामुळे तिकडे बघायचं कारण नाही.

आठशेत काय होईल सांगू? वहिनीला सांभाळणारी बाई पाचला जाते, ती आठपर्यंत थांबेल. संध्याकाळीच वहिनी जास्त बावरते असं तूच लिहिलं होतंस. तिला संस्थेत ठेवणार नाही असा शब्द तू तिला दिलास, आणि तिला सगळं कळत होतं तेव्हा दिलास. पण नुसत्या शब्दावर दिवस निघत नाहीत दादा. रात्री तू, दिवसा बाई, हे चालतं. संध्याकाळी तू एकटा पडतोस आणि पाठ धरून बसतोस.

फॉर्म सोबत आहेत. पेन्सिलीच्या खुणा केल्यात तिथे सही कर. बाकीचं मी भरते. महिनाअखेरीच्या आत पाठव, पुढे दर उतरणार असं कानावर आहे.

तुझी
चिंगी

⁂

४ मार्च

प्रिय चिंगीस,

सह्या करून फॉर्म पाठवले होते ते मिळाले असणारच, कारण ठेवीची पावती आली. वाचलं काही नाही. तू भरलेलं मी काय तपासणार? जन्मभर लोकांची पुस्तकं बांधली, त्यातलं एक वाचलं नाही. बाइंडर वाचत बसला तर दुकान बसतं.

पावतीबरोबर तुमच्या बँकेची एक पुस्तिका आली. काय ती बांधणी! दोन पिना, त्याही तिरक्या, आणि मधलं पान आत्ताच निसटतंय. मला बघवेना. पिना उपटल्या, सुईदोरा घेतला आणि नीट शिवून टाकली. वर जुना निळा पुठ्ठाही चढवला. आता निदान हातात धरावीशी वाटते.

ही बरी आहे. कोरे कागद पुढे ठेवले की घड्या घालत बसते. दुकानात वीस वर्षं छापील कागदांना घड्या घालत फर्मे मोडायची, ते हात विसरलेले नाहीत. माझं नाव कधी सापडतं, कधी नाही, पण कागदाची कड कडेला अशी जुळवते की सुरीचं पातं आत जाणार नाही. काल मला म्हणाली, "वन्सं कधी यायच्यात?" तुला विसरलेली नाही. मला विसरते त्याचं वाईट वाटत नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

दादा

⁂

६ एप्रिल

प्रिय दादा,

सुटले एकदाची. परवा निरोप झाला. मॅनेजरसाहेबांनी भाषण केलं, "शेवटच्या तिमाहीतही यांनी ठेवींचं उद्दिष्ट पूर्ण केलं," म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. माझ्या घरात आता तीन घड्याळं झाली आणि बघायला मात्र कामच उरलं नाही.

बाई आठपर्यंत थांबते ना? तेवढं कळव. तुझी पाठ कशी आहे?

चिंगी

⁂

२७ एप्रिल

प्रिय चिंगीस,

थांबते. आणि तू म्हणालीस ते खरं होतं, सगळी कटकट संध्याकाळचीच होती. आता पाच वाजले की बाई हिला खिडकीशी बसवते, केस विंचरते, काहीबाही गोष्टी सांगते. स्वतःच्या सासूला शिव्या घालते, आणि ही हसते. हिला हसताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी त्या वेळात बाजारात जाऊन येतो, कधी नुसताच बाकावर बसून येतो.

तुझ्या व्याजाने घरात तीन तासांचा उजेड आणला बघ. मी तुला आयुष्यात फार वेळा शाबास म्हटलेलं नाही. आज म्हणतो.

दादा

⁂

१२ जून, पुढल्या वर्षीचा

प्रिय चिंगीस,

तुझं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून हायसं वाटलं. जिने चढू नकोस.

एक विचारायचं होतं. कराचा कागद आला आहे. तुझ्या हिशेबाने व्याजापोटी चोवीसशे वाढायला हवे होते. यांनी चार हजार चारशे चाळीस वाढवलेत. मी तीनदा बेरीज केली. तुझी चूक असेल असं मी म्हणत नाही, माझंच काहीतरी वेड्यासारखं भरलं गेलं असेल. सवडीने बघून सांग.

दादा

⁂

१८ जून

प्रिय दादा,

सवडीने कशाला, लगेच सांगते. तू चुकलास. बारा हजाराला वीस टक्के म्हणजे चोवीसशे, हे शेंबडं पोरही सांगेल. चार हजार चारशे चाळीस म्हणजे शंभराला सदतीस झाले. सदतीसचा टप्पा आपल्याकडे अस्तित्वातच नाही! वीसनंतर एकदम तीस, आणि तीसचा टप्पा गाठायला तुला असले सहा गाळे लागतील.

तू रकाना चुकवला असशील, नाहीतर त्यांनी. सरकारी काम, आंधळं दळतंय. गप्प बसून पैसे भरू नकोस. कागद घेऊन खिडकीवर जा आणि विचार की हा सदतीसचा दर कुठल्या कायद्यात लिहिलाय. आवाज चढव जरा. तुझा तो "राहू दे, असेल काहीतरी" इथे कामाचा नाही.

चिंगी

⁂

८ जुलै

प्रिय चिंगीस,

गेलो होतो. आवाज चढवायची वेळ आली नाही, कारण खिडकीतला माणूस भला निघाला. सर्दीने बेजार होता, पण मला ऐकू कमी येतं म्हटल्यावर त्याने सगळं कागदावर लिहून दाखवलं. तो कागद माझ्यापुढे आहे, त्यावरून तुला लिहितो.

त्याने विचारलं, "आजोबा, पेन्शनवर कर नाही असं कोणी सांगितलं?" मी म्हटलं, माझी बहीण बँकेत होती. तो हसला नाही. म्हणाला, "पेन्शनवर कर नाही, पण तुमचं बाकीचं उत्पन्न एका मर्यादेच्या आत असेपर्यंतच. गाळ्याच्या भाड्याने ती मर्यादा काठोकाठ भरली होती. मर्यादेच्या वर व्याजाचे शंभर आले, की ते पेन्शनमधल्या पंच्याऐंशींना हाताला धरून बरोबर घेऊन येतात. मग कर लागतो तो एकशे पंच्याऐंशींवर. त्याचे वीस टक्के किती?"

मी म्हटलं, सदतीस.

"दर वीसच आहे," तो म्हणाला, "कोणी वाढवला नाही. फक्त शंभराऐवजी एकशे पंच्याऐंशींना लागतोय. तुमच्या बहिणीने दर बघितला, तो बरोबर बघितला. तो कशाला लागतो ते बघायचं राहिलं."

माझ्या बारा हजारांनी पेन्शनचे दहा हजार दोनशे ओढून आणले. बावीस हजार दोनशेचे वीस टक्के काढ, चार हजार चारशे चाळीसच येतात. कोणाचीच बेरीज चुकलेली नाही. पैसे भरून टाकले. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

दादा

⁂

१६ जुलै

प्रिय दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग ओळखीच्या एका कर सल्लागाराला गाठलं. तो म्हणाला, "अहो, हे तर नेहमीचंच आहे, पेन्शनवाल्यांना आम्ही आधीच सांगतो." आधीच! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एकतीस वर्षं काउंटरवर मी किती म्हाताऱ्यांना ऐटीत सांगितलं असेल, काका, शंभरातले ऐंशी तुमचे. एकाही काकाने परत येऊन मला जाब विचारला नाही. आले असतील, माझी खिडकी बंद असेल.

चूक माझी आहे. दोन हजार चाळीस मी पाठवते, नाही म्हणायचं नाही.

भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं रे हे व्याज. ठेव मोडायची का? दंड बसेल, पण बसू दे. मुख्य म्हणजे बाईचं काय? ती येते ना? थांबते ना आठपर्यंत? हातात महिन्याला आठशेऐवजी सहाशे तीस राहिले तर तुझी ओढाताण होईल. खरं काय ते लिही.

चिंगी

⁂

३ ऑगस्ट

प्रिय चिंगीस,

पैसे पाठवू नकोस, परत करीन. ठेव राहू दे.

बाई मजेत आहे. इकडची काळजी करू नकोस. हिने परवा दोनशे कागदांच्या घड्या घातल्या. उकाडा फार आहे.

दादा

⁂

२१ नोव्हेंबर

दादा,

तुझ्या बाईला मी थंडीसाठी मफलर पाठवला होता, तिच्या घरच्या पत्त्यावर. तू मागे दिला होतास तो पत्ता. तिचं आभाराचं कार्ड आज आलं. लिहिते की मफलर फार ऊबदार आहे, पण तुमच्या भावाकडचं काम सप्टेंबरातच सुटलं, आजींची फार आठवण येते, त्या आता तिकडे कशा आहेत?

तिकडे म्हणजे कुठे?

तीन महिने तू मला उकाड्याची आणि थंडीची पत्रं लिहितो आहेस. मी मूर्खासारखी हवापाणी वाचत बसले. उलट टपाली लिही. नाही लिहिलंस तर हा गुडघा घेऊन मी तुझे तीन जिने चढीन.

चिंगी

⁂

३० नोव्हेंबर

प्रिय चिंगीस,

झाकली मूठ उघडतो.

जुलैच्या शेवटी पालिकेच्या मदत विभागाचं पत्र आलं. बाई आपल्याला स्वस्तात मिळत होती ती त्यांच्या सवलतीमुळे, आणि सवलत कमी उत्पन्नाच्या घरांसाठी. ते उत्पन्न कराच्या कागदावरून बघतात. नुसतं व्याज धरलं असतं तर मी त्यांच्या रेषेच्या नऊ हजार तीनशेने खाली होतो. पेन्शनचे दहा हजार दोनशे आत ओढले गेले आणि नऊशेने वर गेलो. सवलत संपली. बाईचा दर एकदम चौपट झाला. ठेव मोडली असती तरी यंदा उपयोग नव्हता, ते मागच्या वर्षाचं उत्पन्न धरतात.

ऑगस्टमध्ये तिला दोन तासांवर आणलं. सप्टेंबरात तेही जमेना. ती फुकट येते म्हणाली. तिची दोन पोरं आहेत, फुकट कशी येऊ देऊ? तुला कळवलं नाही, कारण तू आधीच स्वतःला बोल लावत होतीस.

मग मी एकट्याने केलं. वाटलं होतं त्यापेक्षा बरं जमलं. रात्री ही तीन-तीनदा उठायची, मी दिवसा पेंगायचो. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला मदत विभागात माझा अर्ज सुनावणीला होता. स्वतः हजर राहा, असं लिहिलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई नेहमी हिच्याजवळ बसतात, त्या नेमक्या गावाला गेलेल्या. हिला जेवण घातलं, पुढ्यात कागद ठेवले आणि बाहेरून कुलूप लावून गेलो. तासाभरात येतो असं म्हणालो. रांगेत साडेतीन तास गेले. अर्ज नामंजूर झाला.

परत आलो तर दारात माणसं, कुलूप तोडलेलं. हिने दार उघडत नाही म्हणून खिडकीच्या काचेवर दोन्ही हात मारले होते. मला हाका मारत होती म्हणे. नावाने मारत होती. इतक्या महिन्यांनी माझं नाव सापडलं आणि ते ऐकायला मी घरात नव्हतो.

उजव्या तळव्याला चौदा टाके पडले. ते बघून मला आधी काय सुचलं सांगू? शिलाई घाईत घातली आहे, अंतरं सारखी नाहीत. माणूस किती निर्लज्ज असतो. मग तिथेच व्हरांड्यात बसून रडलो.

दवाखान्यातल्या अधिकारी बाईंनी सांगितलं, हिला एकटं ठेवलं हे कागदावर आलंय, आता पूर्ण वेळचं माणूस दाखवा, नाहीतर संस्था. माझ्याकडे दाखवायला माणूस नव्हतं. तीन नोव्हेंबरला संस्थेच्या फॉर्मवर सही केली. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. घर ते संस्था बसने पाऊण तास लागतो. रोज जातो. माझी पेन्शन परस्पर त्यांच्याकडे जाते.

आणि एक. ते बँकेचं पुस्तक आठवतं, मी शिवलेलं? त्यात एक सुटं पान होतं, पिवळं, आत नुसतं सरकवलेलं. बाइंडरचा हात आहे, शिवणीत नाही ते पान पुस्तकाचं नाही, असं आम्ही धरतो. जाहिरातीची पानं असतात तशी. काढून टोपलीत टाकलं. गेल्या महिन्यात बँकेत जाऊन तसलंच एक मागून घेतलं. वर ठसठशीत अक्षरात आहे: "पेन्शनधारक ठेवीदारांनी आधी हे वाचावे." तेव्हा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. निम्मा माझा आहे.

दादा

⁂

८ डिसेंबर

दादा,

निम्मा नाही. तू सांगितलंस तसं मीही सांगते. नाही सांगितलं तर मला अन्न गोड लागणार नाही.

ठेवीच्या फॉर्मवर शेवटी एक चौकट असते: "ठेवीदार पेन्शनधारक असल्यास, व्याजाचा पेन्शनवरील परिणाम त्यास समजावून सांगितला आहे." त्यावर बरोबरची खूण करायची आणि काउंटरवरच्या माणसाने सही करायची. आम्ही ती खूण आधीच करून ठेवायचो, सकाळी रिकाम्या वेळात, गठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर. समजावत बसलं तर रांग वाढते. परिणाम काय ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. कधी कोणी विचारलं नाही, म्हणून मीही कधी वाचलं नाही. तुझ्या फॉर्मवरची खूणही तशीच, तू सही करायच्या आधीची. खाली माझी सही आहे.

आणि दर उतरणार असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि ठेवींचं उद्दिष्ट अपुरं होतं. नेमकी तुझ्या रकमेएवढी तूट होती. मला शेवटच्या दिवशी नाक वर करून बाहेर पडायचं होतं. तुझं भलं होईल असंही वाटत होतं, ते खोटं नाही. पण घाई तुझ्यासाठी नव्हती. वहिनीच्या हातातून रक्त आलं ते माझ्या टाळ्यांपायी.

आता माफी मागून काय होणार? मी ठरवलंय ते ऐक. माझं घर भाड्याने देते, गिऱ्हाईक मिळालं आहे. पंचवीस जानेवारीला दोन पिशव्या घेऊन तुझ्याकडे येते. पूर्ण वेळचं माणूस दाखवा म्हणाले ना? मला दाखव. दिवसा मी, रात्री तू. बाई नको, सवलत नको, कोणाची रेषा नको. गुडघ्याने जिने चढवतात, मी विचारलं डॉक्टरला. एकदा चढले की उतरायचं कशाला? वहिनीला घरी आण. तुझा शब्द अजून मोडलेला नाही, मधे फक्त थोडे दिवस खंडला, असं समज.

शिव्या घालायच्या असतील तर मी आल्यावर घाल. जवळून घाल, म्हणजे मलाही नीट ऐकू येतील.

चिंगी

⁂

१९ जानेवारी

प्रिय चिंगीस,

उत्तराला दीड महिना लागला. पहिले काही आठवडे तुझ्यावर राग होता म्हणून लिहिलं नाही. फार राग होता. दोनदा शिव्यांचं पत्र लिहून फाडलं. मग रोज बसमध्ये तुझा बेत आठवायचा, आणि राग जाऊन त्या जागी आशा यायला लागली. दिवसा चिंगी, रात्री मी. संस्थेत विचारलं, ते हो म्हणाले. अधिकारी बाईंनी तुझं नाव कागदावर घेतलं. तू यायच्या आधी हिला घरात रुळवावं, म्हणजे तू आलीस की दारात हीच उभी असेल, असं मनात होतं. म्हणून तुला न कळवता पंधरा तारखेला हिला घेऊन आलो.

खिडकीला नवी काच बसवली होती. तिची खुर्ची होती तिथेच ठेवली, कागदांचा गठ्ठा ठेवला. खालच्या बाईंना वर बोलावलं, त्या दोन दिवस राहिल्या. दारातून आत आली आणि उभीच राहिली. म्हणाली, "कोणाचं घर हे?" मी म्हटलं, आपलं. ती म्हणाली, "मला घरी न्या हो. उशीर झालाय."

कागदाला हात लावला नाही. जेवली नाही. रात्रभर दारापाशी उभी राहून कडी चाचपत होती, त्याच हाताने, टाके घातलेल्या. घरी न्या, घरी न्या, एवढंच. मी कुलूप लावलं नाही. दाराला पाठ टेकून खाली बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच. मी भांडी दाखवली, तिच्या साड्या दाखवल्या, आपल्या सगळ्यांचा दुकानासमोरचा फोटो दाखवला. फोटोतल्या तुझ्यावर बोट ठेवून म्हणाली, "या वन्सं." शेजारच्या मला ओळखलं नाही.

सतरा तारखेला परत घेऊन गेलो. बसमध्ये शांत बसली होती. फाटकातून आत शिरल्याबरोबर तिथल्या परिचारिकेचा हात धरला आणि म्हणाली, "आले बाई एकदाची घरी." चेहरा इतका निवला होता की मला तिच्यासाठी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग माझ्याकडे वळली. चांगल्या घरची बाई परक्या माणसाशी बोलते तसं बोलली. म्हणाली, "सोडायला आलात, फार उपकार झाले. आता निघा तुम्ही. तुमच्या घरी वाट बघत असतील."

अडीच महिने, चिंगे. एवढ्यात तिचं घर बदललं. आता तू पूर्ण वेळ राहिलीस, मी दहा बायका ठेवल्या, तरी तिला परत आणायला आपल्याकडे तिचं घर उरलेलं नाही.

मी निघालो. बस चुकली, पुढची येईपर्यंत थांब्यावर उभा होतो. माझ्या घरी कोणी वाट बघत नव्हतं.

तू ठरल्याप्रमाणे पंचवीसला ये. तिला सांभाळायला नको आता. माझ्यासाठी ये.

दादा